खाणीवरून भांडताय, पण मॅग्नेट कोण बनवणार?

गेलं वर्षभर एक वाद ऐकतोय, आता राहवत नाही म्हणून लिहितोय. बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीतल्या चहाच्या गाड्यावर, खानापूरच्या बसमध्ये, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, सगळीकडे तेच चाललंय. चीनने मोटारीच्या मॅग्नेटला लागणारे रेअर अर्थ धातू अडवले, आपल्या गाड्यांच्या कंपन्या अडकल्या, मग एक पार्टी म्हणते आपल्या सह्याद्रीत काय कमी आहे, खानापूर चंदगडच्या डोंगरात खणा की. दुसरी पार्टी म्हणते खबरदार, रेअर अर्थ म्हणजे किरणोत्सर्ग, कॅन्सर, भीमगडचं जंगल गेलंच समजा. दोन्हीकडची माणसं माझ्या रोजच्या बघण्यातली आहेत आणि दोघांची तळमळ खरी आहे. पण त्या मॅग्नेटमधला मुख्य रेअर अर्थ धातू, निओडिमियम, म्हणजे नेमकं काय, ते कशात जातं, मातीपासून मोटारपर्यंत त्याचं काय काय होतं हे विचारायला कुणाला वेळ नाही. मी पंचवीस वर्षं मोटार रिवायंडिंग आणि थोडंफार मशिनिंगचं जॉबवर्क करतो, हा धातू रोज हातात घेतो, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या भागासाठी खाण हवी की नको हा प्रश्नच चुकीच्या जागी धरलाय. हा धातू जमिनीत तसा भरपूर आहे, कमी आहे ते त्याला वेगळं काढण्याचं आणि त्याचा मॅग्नेट करण्याचं कसब. बेळगावने सरकारकडे काही मागायचंच असेल तर मॅग्नेटची भट्टी मागावी, जुने मॅग्नेट गोळा करायची नीट सोय मागावी, आणि खाण व धातू वेगळा काढायचं ॲसिडचं काम मलप्रभेच्या उगमाच्या आसपास नकोच असं ठणकावून सांगावं.

आधी धातूबद्दल. रेअर अर्थ म्हणून सतरा धातू धरतात, त्यातला निओडिमियम हा एक. चांदीसारखा दिसतो पण हवेत ठेवला की काळवंडतो आणि पापुद्रे सुटायला लागतात. पृथ्वीच्या कवचात शिशापेक्षा निओडिमियम जास्त आहे, तांब्याच्या जवळपास जातो, सोन्याशी तर तुलनाच नको, त्याच्या हजारो पट. म्हणजे ‘दुर्मिळ’ हे नावच फसवं आहे आणि अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. दुसरी गंमत अशी की नुसता निओडिमियम घेतला तर तो मॅग्नेट नसतोच, आपल्या नेहमीच्या हवामानात तर नाहीच. मॅग्नेट होतो तो लोखंडाबरोबर. वजनाने साधारण दोन तृतीयांश लोखंड, तीस टक्क्यांच्या आसपास निओडिमियम आणि एक टक्का बोरॉन. जोर लोखंडाचाच असतो, निओडिमियम त्या जोराची दिशा हलू देत नाही, बैल लोखंडाचा आणि कासरा निओडिमियमचा असं समजा. १९८२-८३ च्या सुमाराला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी वेगवेगळ्या वाटेने हे शोधून काढलं, कारण त्याआधीचा चांगला मॅग्नेट समेरियम-कोबाल्टचा होता आणि १९७८ मध्ये झाईरमधल्या (आजचं काँगो) लढाईमुळे कोबाल्टचे भाव भडकले होते. स्पीकरच्या मागे असतो त्या काळ्या फेराइट मॅग्नेटच्या जवळजवळ दहापट ताकद तेवढ्याच आकारात. म्हणून ई-स्कूटरची मोटार चाकाच्या हबमध्ये बसते, नाहीतर बसली नसती.

पण हाच मॅग्नेट काचेसारखा ठिसूळ आहे, दोन तुकडे हातातून सुटून एकमेकांवर आदळले की कपचे उडतात, मध्ये बोट आलं तर रक्त साकळतं. उघडा ठेवला तर गंजून त्याची पूड होते, म्हणून वर निकेलचा थर देतात. ग्राइंडिंगची धूळ कोरडी राहिली तर पेट घेते. साध्या ग्रेडचा मॅग्नेट ऐंशी डिग्रीच्या वर गेला की ताकद हरवायला लागतो, आणि तीनशे दहाच्या आसपास तापला की संपलाच. मोटार तर तापणारच. म्हणून त्यात थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम, हे दुसरे रेअर अर्थ, घालतात. आता हे बघा, ४ एप्रिल २०२५ ला चीनने ज्या सात धातूंच्या निर्यातीला लायसन्स लावलं त्यात निओडिमियम नव्हताच. डिस्प्रोसियम आणि टर्बियम होते. चिमूटभर मीठ अडवलं आणि सगळा स्वयंपाक अडला. ‘चीनने निओडिमियम बंद केला’ असं सांगत फिरणाऱ्यांनी एवढं तरी वाचायला हवं होतं.

मग अडतं कुठे? वेगळं काढण्यात. यातले बहुतेक धातू मातीत एकत्रच सापडतात आणि रसायनाच्या दृष्टीने सख्ख्या भावंडांसारखे वागतात. १८४१ मध्ये मोसांडर नावाच्या स्वीडिश माणसाने डिडिमियम म्हणून एक मूलद्रव्य काढलं, डिडिमियम म्हणजे जुळं, आणि पुढे कित्येक वर्षं बहुतेक जग त्याला एकच धातू समजत होतं. १८८५ मध्ये व्हिएन्नामध्ये आउअर फॉन वेल्सबाख यांनी दाखवलं की हे दोन आहेत, एक प्रेसिओडिमियम, एक निओडिमियम, म्हणजे नवं जुळं. आजही ते वेगळे करायला ॲसिडचं पाणी आणि तेलकट द्रावण एकमेकांत घुसळायचं, थांबायचं, निथळायचं, परत घुसळायचं, असं शेकडो टाक्यांमधून न्यावं लागतं. आणि निओडिमियम पाहिजे म्हणून तेवढाच काढता येत नाही, त्याच्याबरोबर ढीगभर सेरियम आणि लँथेनम निघतो, त्याला गिऱ्हाईक नसेल तर सगळा हिशोब बोंबलतो. चिकोडी-संकेश्वरकडच्या माणसाला हे जास्त सांगायला नको. नुसत्या साखरेवर कारखाना चालतो का? मळी, बगॅस, प्रेसमड, वीज, सगळ्याचं काहीतरी केलं तर उसाला भाव देता येतो. तसंच हे आहे. खाण म्हणजे फक्त ऊस.

‘खणा, म्हणजे स्वावलंबी व्हाल’ म्हणणाऱ्यांना एकच विचारतो, अमेरिकेचं काय झालं? कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण एके काळी जगात पहिली होती, रंगीत टीव्हीच्या लाल रंगाचं युरोपियम तिथून यायचं. मॅग्नेटचा शोध अर्धा त्यांचाच. जनरल मोटर्सने मॅग्नेक्वेंच नावाची कंपनी काढली, इंडियानामध्ये कारखाना घातला. १९९५ मध्ये ती विकली, घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या, आणि पुढच्या दहाएक वर्षांत काम आणि मशिनरी चीनला गेली. माउंटन पास २००२ मध्ये बंद पडली, नंतर परत सुरू झाली, पण सुरू झाल्यावर तिथली माती कित्येक वर्षं जहाजात भरून चीनलाच जात होती, कारण वेगळं काढणारं कुणी घरात उरलंच नव्हतं. आणि जपानकडे बघा. जमिनीवर म्हणावी अशी खाण नाही, २०१० मध्ये सेनकाकू बेटांच्या भांडणात चीनने त्यांचा माल अडवला, त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसे घातले, डिस्प्रोसियम कमी लागेल असे मॅग्नेट तयार केले, जुने एसी आणि हार्ड डिस्क फोडून धातू परत मिळवायला लागले. आज चीननंतर मॅग्नेट कोण करतं तर जपान. खाण असलेला हरला आणि खाण नसलेला टिकला. यातून जे दिसतं ते आपल्या ग्रुपवर का येत नाही?

आपल्या कर्नाटकात तर हे डोळ्यादेखत घडलंय. बळ्ळारीचं लोखंड ट्रकांनी रात्रंदिवस बेलिकेरीच्या बंदरात जायचं, कारवारकडच्या माणसांनी ती लाल धूळ खाल्ली, माल चीनला गेला, त्याचं स्टील झालं. २०११ मध्ये बेकायदा खाणींवर लोकायुक्तांचा रिपोर्ट आला आणि सुप्रीम कोर्टाने खाणी बंद केल्या. मागे काय राहिलं, खड्डे आणि कोर्टकेसेस. त्या दहा वर्षांत होस्पेटच्या आसपास किती पोरं लेथवर उभी राहिली आणि किती नुसती टिपर चालवायला शिकली हे तिकडच्या कुणालाही विचारा.

समोरच्या बाजूचा सगळ्यात पक्का मुद्दा मी टाळणार नाही. ते म्हणतात, साठ्यात भारताचा जगात तिसरा नंबर, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेच्या २०२५ च्या आकड्यात ६९ लाख टन ऑक्साइड, आणि २०२४ मध्ये काढलं फक्त २,९०० टन, चीनने २ लाख ७० हजार. मग खाण वाढवायला नको? वाढवायला हवी, यात वादच नाही. पण तो साठा कुठे आहे? केरळ, तमिळनाडू, ओडिशा, आंध्रच्या किनाऱ्यावरच्या काळसर वाळूत, मोनाझाइट नावाच्या खनिजात. आपल्या डोंगरात अमुक सापडलं तमुक सापडलं म्हणणाऱ्याला कागद दाखव म्हटलं की फॉरवर्ड दाखवतो. आणि त्या किनाऱ्याच्या वाळूचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १९०९ मध्ये शोंबर्ग नावाच्या जर्मन माणसाला मनवलकुरिचीला मोनाझाइट दिसलं. तेव्हा त्याला भाव होता तो त्यातल्या थोरियम या किरणोत्सर्गी धातूसाठी, गॅसबत्तीच्या मॅन्टलसाठी. आमच्या आजोबांच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायचे त्या बत्त्या आठवा, तिच्यातली ती पांढरी जाळी, ती कल्पनासुद्धा त्याच वेल्सबाख यांची, त्याच १८८५ सालची. त्रावणकोरची वाळू जहाजाने जर्मनीला जायची आणि मॅन्टल तिकडे विणलं जायचं. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी काढली, १९५२ मध्ये नेहरूंनी आलुव्याचा कारखाना सुरू केला, त्या काळाच्या मानाने फार मोठी झेप होती ती. मग पुढे काय झालं? २०१२ च्या करारानंतर आपला माल विशाखापट्टणममधल्या जपानी कंपनीच्या प्लांटमधून जपानला जायला लागला आणि मॅग्नेट तिकडे व्हायला लागले. २०२५ च्या जूनमध्ये ती निर्यात थांबवायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे शंभर वर्षांत वाळूच्या जागी धातूचे क्षार जायला लागले, पण शेवटचं कसबाचं काम बाहेरच राहिलं. इथे खाण कमी पडली असं कुठे दिसतं?

आता विरोध करणाऱ्यांचं. त्यांची भीती खोटी नाही आणि तिच्यावर हसणाऱ्यांचा मला राग येतो. मलेशियात बुकित मेराह गावात मित्सुबिशीच्या भागीदारीतला कारखाना होता, थोरियमवाला कचरा नीट ठेवला नाही, लोक आजारी पडले, कोर्टात गेले, १९९० च्या दशकात तो बंद करावा लागला आणि सफाई पुढे कित्येक वर्षं चालली. चीनमध्ये बाओटोजवळ काळ्या गाळाचा तलाव साचलाय. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिच्यावर हुबळी-धारवाडपर्यंतची माणसं पाणी पितात, तिथे कुणी ॲसिडच्या टाक्या मांडायला आला तर मी पहिला आडवा येईन. पण किरणोत्सर्ग आहे तो मोनाझाइटमधल्या थोरियमचा. वेगळा काढलेला निओडिमियम घेऊन बसलात तर काही होत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर काही वर्षांनी डोळ्यात जाळी आली की डॉक्टर लेसरने साफ करतात ना, त्या लेसरच्या स्फटिकात निओडिमियम असतो, आमच्या आईच्या दोन्ही डोळ्यांना तो लागलाय. तेव्हा खाणीला विरोध करा, टाक्यांना विरोध करा, पण त्याच दमात मॅग्नेटच्या भट्टीलाही विरोध केलात तर आपण एक जुनी चूक परत करू.

जुनी चूक म्हणजे कुठली, तर ती आपल्याच गावची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात, मग लोखंडी नांगर. तो नांगर शेतकरी घेईनात, कारण काय तर लोखंडाने जमिनीत विष भिनतं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढे ठळकवाडीची वसाहत वसवायची म्हणून नगरपालिकेने त्यांना जागा सोडायला लावली, औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलच्या माळावर जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी झाली. निवडुंग आणि साप असलेला माळ होता तो, खाण नव्हती, रेल्वेचं छोटं स्टेशन होतं आणि माणसं होती. बेळगावात फौंड्रीचं कसब नंतर परत उभं राहिलं, पण त्याला किती वर्षं लागली? विषाची भीती आणि जागेचा वाद, दोन्ही तेव्हाही होते. सीमाभागात आपल्याला जमिनीवर भांडायची इतकी सवय झालीय, १९५६ पासून पिढ्या गेल्या त्यात, की कुठलाही प्रश्न आला की आपण आधी ‘कुणाची जमीन’ इथे जाऊन उभे राहतो. ते दुःख मलाही आहे. पण हा प्रश्न कामाचा आहे.

कुणी म्हणेल मॅग्नेटच कशाला, इंडक्शन मोटार वापरा, तांबं आणि लोखंड, रेअर अर्थ शून्य. मी रिवायंडिंगवाला, मला इंडक्शन मोटारवर प्रेम आहे, शेतातला पंप तिच्यावरच चालतो आणि चालावा. टेस्लाची सुरुवातही इंडक्शनवर झाली. पण २०१७ च्या मॉडेल थ्रीला त्यांनी मॅग्नेटची मोटार घातली, कारण तेवढ्याच बॅटरीत गाडी जास्त लांब जाते. पंपाला वजनाची फिकीर नसते, स्कूटरला असते. मॅग्नेट नसलेल्या नव्या मोटारींवर काम चालू आहे, फेराइटवरही चालू आहे, ते व्हायलाच हवं, पण तोपर्यंत दहा-पंधरा वर्षं नुसतं बसून राहायचं का?

खरा अवघड आक्षेप उद्यमबागेतल्याच एका जुन्या अण्णांनी माझ्यासमोर टाकला. म्हणाले, “बाळ, आपण बीड ओततो, पंपाचे केसिंग करतो. ते व्हॅक्यूमचं काम आपल्या बापाने केलेलं नाही.” बरोबर आहे त्यांचं. या मॅग्नेटसाठी मिश्रधातू वितळवायचा, त्याच्या पातळ पट्ट्या पाडायच्या, हायड्रोजन देऊन त्या भुगा करायच्या, मग तीन ते पाच मायक्रॉनची पूड, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक, ती पूड मॅग्नेटच्या क्षेत्रात धरून दाबायची म्हणजे सगळे कण एका दिशेला तोंड करतात, मग हवा काढलेल्या भट्टीत हजार डिग्रीच्या वर भाजायचं, मग कापायचं, ग्राइंड करायचं, निकेल चढवायचं आणि शेवटी एका झटक्यात चुंबकत्व भरायचं. पहिला अर्धा भाग आपल्याला येत नाही, मान्य. पण कापणं, ग्राइंडिंग, फिक्स्चर, डाय, प्लेटिंग, मोटारचं स्टॅम्पिंग, रोटर बसवणं हे कुणाला येतं? आणि हत्तरगीला विमानाचे भाग करायची वसाहत झाली तेव्हाही हेच म्हणत होते की, आपली पोरं शेतातली, मायक्रॉनमध्ये काम करणार होय? आज तिथले भाग परदेशी विमानांत बसतात. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने मॅग्नेटसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टनांची क्षमता, पाच कंपन्यांना वाटून. त्या पाचात बेळगावची कंपनी असेल असं मी म्हणत नाही, त्याला लागणारा पैसा वेगळा. पण त्या पाचांना कापणी-घासणीचं, टूलिंगचं काम कोण करून देणार, हे आत्ता ठरतंय. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय आपल्या गावात आहे, तिथे पावडर मेटलर्जीची एक व्हॅक्यूम भट्टी सगळ्या कारखान्यांना वापरता येईल अशी बसवा, ही मागणी आपल्या कारखानदारांच्या असोसिएशनने का करू नये? खाणीच्या मोर्चाला जेवढी माणसं जमतात त्याच्या पाव जरी यासाठी निवेदन घेऊन गेली तरी पुरे.

स्वस्ताईचा मुद्दाही येतो, चीन इतका स्वस्त देतो की आपला मॅग्नेट विकणारच नाही. स्वस्त देतो, खरं आहे. पण एका इलेक्ट्रिक कारमध्ये हे मॅग्नेट एक-दोन किलो, पूर्ण गाडीच्या किमतीत ते कुठे दिसतसुद्धा नाहीत, आणि ते आले नाहीत म्हणून गाडीची लाइन थांबते. किलोमागे चार पैसे वाचवून महिनाभर लाइन बंद ठेवायची हा कुठला हिशोब?

भंगाराचं तर मला सगळ्यात जास्त वाटतं, कारण ते उद्यापासून करता येतं. जगात या मॅग्नेटचं शंभरातलं एकही परत वापरात येत नाही असं सांगतात. बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात त्यांनी एक पद्धत बसवलीय, हार्ड डिस्कला हायड्रोजनमध्ये ठेवलं की आतला मॅग्नेट आपोआप पूड होऊन सुटतो, तीच पूड घेऊन परत मॅग्नेट दाबता येतो, शेकडो टाक्यांची गरज नाही, ॲसिडचं पाणी नाही, थोरियम तर मुळातच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने ई-कचरा, बॅटऱ्या वगैरेंतून महत्त्वाची खनिजं परत काढायच्या रिसायकलिंगसाठी १,५०० कोटी ठेवले. आणि आपल्याकडे काय होतं? बंद पडलेल्या ई-स्कूटरची हब मोटार भंगारात येते, तांब्याची तार ओढून काढतात, उरलेला रोटर मॅग्नेटसकट लोखंडाच्या भावाने निपाणी-कोल्हापूरच्या ट्रकात जातो आणि भट्टीत वितळून जातो. जो डिस्प्रोसियम चीन लायसन्सशिवाय देत नाही तो आपण भट्टीच्या मळीत घालवतोय. मी एका भंगारवाल्याला विचारलं, हे वेगळे का काढत नाही, तो म्हणाला, “मामा, घेणार कोण ते सांगा, मी आजपासून काढतो.”

त्याने असं विचारण्यात काहीच चूक नाही, म्हणून मी माझ्यापुरतं सुरू केलंय. दुरुस्तीला येऊन टाकाऊ ठरलेल्या मोटारी आणि हार्ड डिस्कमधले मॅग्नेट ओव्हनमध्ये तापवून ताकद काढतो म्हणजे बोटं सापडत नाहीत, मग लाकडी पट्टीने सोडवून हवाबंद डब्यात ठेवतो, वर तारीख आणि कशातून काढले ते लिहितो. आठ महिन्यांत साडेचार किलो झालेत. उद्यमबाग, मच्छे, शहापूर मिळून रिवायंडिंगवाले पन्नास तरी असू, प्रत्येकाने असा एक डबा भरला तर टेस्टिंगला पाठवण्याइतका माल वर्षात जमेल. कुणाच्या ओळखीत मेटलर्जीचे प्राध्यापक असतील तर त्यांना एवढंच विचारा, यात डिस्प्रोसियम किती आहे ते मोजून देतील का. माझा डबा मी घेऊन येतो.